पुरावा वाहून जायच्या आत

पाऊस तोंडावर आला की आमच्या भागातल्या बंधाऱ्यांचे बरगे काढायला सुरुवात होते. ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीपात्रात ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत एकावर एक बसवलेल्या फळ्या किंवा पत्रे, ते बरगे. पावसाळा सरला की बरगे घालतात, पाणी अडतं आणि उन्हाळाभर उसाला पुरतं. या बंधाऱ्यांनी दूधगंगा-वेदगंगेचा काठ हिरवा केला, हे कुणी नाकारणार नाही.

पण अडलेल्या पाण्यात त्या सगळ्या महिन्यांत जे जे येऊन पडतं ते तळाला बसतं. गावांच्या गटारी, जनावरं धुतलेलं पाणी, शेतातून झिरपलेलं खत आणि कधी कधी साखर कारखान्यांतून रात्रीच्या अंधारात सोडलेलं मळीमिश्रित पाणी. बरगे निघाले की तळाचा काळा गाळ उठतो. त्यातली सडकी घाण पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे तोंड वर काढतात. त्याच सुमारास वळीव ओढ्या-नाल्यांत साचलेलं सगळं धुऊन नदीत आणतो. आणि ज्याला आपल्या टाक्या गुपचूप रिकाम्या करायच्या असतात, तोही हीच वेळ साधतो. हे सगळं थोड्या दिवसांच्या आत घडतं. त्यामुळं मासे कशानं मेले असं विचारलं की प्रत्येकाला दुसऱ्याकडं बोट दाखवता येतं. पाटबंधारेवाले म्हणतात कारखाना, कारखाना म्हणतो गावाची गटार, गाव म्हणतं वरचं गाव. तोवर पहिला पूर येतो आणि नदी लाल-मातकट होऊन वाहू लागते. पुरावा वाहून जातो.

माझं माहेर पंचगंगेच्या काठावर, शिरोळ तालुक्यात. सासर दूधगंगेच्या काठावर, निपाणी भागात. एक गाव महाराष्ट्रात, दुसरं कर्नाटकात, पण आमच्याकडं सोयरिकी जमवताना राज्याची हद्द कुणी बघत नाही. जमीन किती, पाणी आहे का, एवढंच बघतात. लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली होती, "पोरीला नदीकाठ मिळाला, पाण्याची ददात न्हाई." तिच्या लेखी नदीकाठ म्हणजे सगळं आलं.

तिच्या हयातीतच माहेरच्या घाटावरचं कपडे धुणं बंद झालं. मग पिणं तर लांबच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच जणींची मिळून झालेली ही नदी. कोल्हापूरपासून इचलकरंजीपर्यंतच्या शहरांचं सांडपाणी पोटात घेत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात पात्रावर केंदाळ पसरतं, पुस्तकात ज्याला जलपर्णी म्हणतात ते. लांबून हिरवंगार रान वाटतं. जवळ गेलं की वास येतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. त्या उन्हाळ्यात माहेरच्या प्रत्येक घरात पाणी उकळायची पातेली चुलीवर चढलेली असत. ज्या शहराच्या उशाशी नदी आहे ते शहर आज पिण्याचं पाणी दुसऱ्या नदीतून मागतं, आणि ती दुसरी नदी म्हणजे आमची दूधगंगा. सुळकूड योजनेवरून दूधगंगाकाठचे शेतकरी आणि इचलकरंजीकर समोरासमोर उभे राहिले तेव्हा मला दोन्हीकडून फोन येत होते. भाऊ म्हणायचा, आम्ही काय विष प्यावं का? दीर म्हणायचे, आमचं पाणी दिल्यावर आम्ही काय करायचं? दोघांचंही खरं होतं. पण पंचगंगा साफ करायला एवढ्याच ताकदीनं माणसं रस्त्यावर उतरली असती तर हे दोघे भांडले नसते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पाण्यावरून भांडायची सवय या खोऱ्याला जुनी आहे. कृष्णेच्या पाण्यासाठी बच्छावत लवाद बसला आणि महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) असं वाटप झालं. काळम्मावाडीचं दूधगंगा धरण दोन राज्यांचं मिळून आहे. साठा 25.40 टीएमसी, त्यातले 4 टीएमसी कर्नाटकाचे. हे आकडे आमच्याकडं शाळा सुटलेल्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ असतात. कुठल्या वर्षी किती पाणी सुटलं, किती दिवस उशिरा सुटलं, सगळं सांगतील. पण पाण्यात काय मिसळलंय याचा आकडा विचारा. गावात कुणाला सांगता येत नाही, कारण तो कधी कुणी आपल्यापर्यंत आणलाच नाही.

तो आकडा समजून घ्यायला हवा, आणि तो अवघड नाही. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्यावरून घाण मोजतात, त्याला बीओडी म्हणतात. अंघोळीच्या लायकीच्या नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅम तरी हवा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी दोन-तीनशेच्या घरात असतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं जे तांबूस-काळं पाणी असतं, स्पेंट वॉश, त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातो. म्हणून ते थेंबभरही बाहेर सोडायचं नाही, असा नियम आहे. अडलेल्या, न वाहणाऱ्या पात्रात त्याचे थोडे टँकर जरी गेले तरी काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आमच्या गावात हे शास्त्र आलं ते एका मुलीमुळं. निपाणीच्या कॉलेजात बीएस्सीला होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मासे तडफडताहेत म्हणून आम्ही बाया घाटावर जमलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "काकी, उद्या पहाटे या. दिवस वर आल्यावर मोजून उपयोग नाही." का, तर शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळं उजाडायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे मरतात ते बहुतेक त्या वेळेला. दुपारी आलेल्या साहेबाला पाणी बरं वाटतं, याचं कारण हेही असू शकतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं काचेची छोटी बाटली पाण्याखाली आडवी धरून भरली, बुडबुडा राहू नये म्हणून सावकाश, आणि पाण्याखालीच बूच लावलं. मग वर काढून मँगनीज सल्फेटचे थेंब, नंतर दुसऱ्या बाटलीतलं क्षारयुक्त आयोडाइड. पुन्हा बूच, पुन्हा उलटसुलट. "आता बघा," म्हणाली. "तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढरा राहिला तर नाही." बॅटरीच्या उजेडात सगळ्यांची डोकी त्या बाटलीवर वाकलेली. साका खाली बसत गेला, पांढराच. आमच्या शेजारच्या आजी, ज्यांनी आयुष्यात रसायनशास्त्र हा शब्द ऐकला नसेल, त्या बाटलीकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे नदीत वाराच न्हाई."

त्या दिवशी पाण्यावर कटला होते, शिंगाळे होते, वाम वर आली होती. वाम तळाच्या चिखलात राहणारी. ती काठाला येऊन तोंड वर काढते तेव्हा जुने कोळी बोलायचे थांबतात. मरळ तेवढी तग धरून होती, कारण ती वरची हवा घेऊ शकते. मरळ दिसली म्हणून नदी ठीक आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगावं.

आता खरी गोष्ट इथून पुढं. ती बाटली कायद्याच्या लेखी काहीच नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, ज्याचं सांडपाणी आहे त्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. तरच तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो. नियम चांगल्यासाठीच आहे, कुणीही उठून खोटी बाटली आणू नये. पण अधिकारी येईपर्यंत एखादा दिवस जातो, कधी दोन, मध्ये रविवार आला तर तीन. नदी रविवार पाळत नाही.

तेव्हा गावानं करायचं काम म्हणजे साक्षीदार होणं. आमची बाटली पुरावा नसेल, पण ती मंडळाला वेळेवर ओढून आणू शकते. आम्ही काय करायला लागलो ते सांगते. ज्या बाईला वास आधी येतो ती फोन करते, बहुतेक वेळा पहाटे पाणी भरायला गेलेली. मग वरच्या गावाला फोन, त्यांच्याकडं कधी दिसलं ते विचारायचं. खालच्या गावाला फोन, नदीचं पाणी गावासाठी उपसणाऱ्या जॅकवेलची मोटर बंद ठेवा म्हणून. वेदगंगेवर जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी, दूधगंगेवर कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड आणि पुढं कृष्णेवर कल्लोळ-येडूर. पावसाळ्यात हे पूल पाण्याखाली गेले की वर्तमानपत्रात नावं येतात. उरलेल्या वर्षात हेच पूल आमची टेहळणीची ठिकाणं. काळा पट्टा कुठल्या पुलाखाली किती वाजता दिसला हे लिहीत गेलं की तो कुठल्या दोन पुलांच्या मध्ये सुरू झाला ते आपोआप कळतं. वरच्या पुलाखाली पाणी नितळ आणि खालच्या पुलाखाली काळं, एवढं जरी वेळेसकट नोंदलेलं असलं तरी "वरूनच आलंय" हे उत्तर चालत नाही.

ते उत्तर आम्ही फार ऐकलं. सीमाभागात तर त्याला दोन राज्यांचं बळ आहे. इकडं तक्रार केली की सांगतात, पाणी महाराष्ट्रातून येतंय, तिकडच्या मंडळाकडं जा. तिकडं गेलं की विचारतात, तुम्ही कर्नाटकातले, तुमचा अर्ज आम्ही कसा घ्यायचा? हरित लवादाकडं जायचं म्हटलं तर कर्नाटकासाठी चेन्नईचं खंडपीठ, महाराष्ट्रासाठी पुण्याचं. मलिकवाडच्या पुलावर उभं राहिलं तर एका टोकाचा माणूस चेन्नईला जाणार आणि दुसऱ्या टोकाचा पुण्याला, पाणी एकच.

भाषेचंही आहे. आमच्या घरात मराठी, ऑफिसात कन्नड. सीमाभागातल्या मराठी माणसाला सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून किती वर्षं झगडावं लागलंय हे इथं सांगायला नको. तो हक्क मी सोडणार नाही. पण नदीचा अर्ज घेऊन गेल्यावर "कन्नडात आणा" म्हणून तो परत यावा आणि तेवढ्यात पाणी निघून जावं, हे मला परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही एकच मजकूर दोन्ही भाषांत तयार ठेवला. तारीख, वेळ आणि जागा तेवढी भरायची. कन्नड मजकूर करून दिला खालच्या गावातल्या एका हायस्कूलच्या शिक्षकांनी. त्यांच्या आईची आणि माझी ओळख घाटावरचीच. त्या अक्का पहिल्यांदा आमच्या बैठकीला आल्या तेव्हा बसायच्या आधीच म्हणाल्या, "नीर होलस आग्येत री." पाणी घाण झालंय हो. पुढची सगळी चर्चा त्या कन्नडात आणि आम्ही मराठीत केली, कुणाचं काही अडलं नाही. 1956 पासून इथं सीमेवरून मोर्चे निघताहेत, मीही त्यातल्या काहींत चालले आहे. त्या मोर्च्यात आणि या बैठकीत मला विरोध दिसत नाही. आपल्या मातीवर आपला हक्क सांगणारा माणूस त्या मातीतल्या पाण्याबद्दल गप्प कसा बसेल?

गप्प बसण्याची कारणं मात्र आहेत, आणि ती हलकी नाहीत. आमच्याकडं घर चालतं ते उसावर. ऊस वेळेवर तुटला पाहिजे, बिल वेळेवर मिळालं पाहिजे. सह्या गोळा करताना एक शेतकरी दारातच मला म्हणाले, "वहिनी, सही करतो, पण माझी तोड लांबली तर कोण बघणार?" उभ्या उसाला तुरा आला की वजन घटतं, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. त्यांच्यावर रागवायचा अधिकार मला नाही. त्यांनी सही केली नाही, पण पुढच्या वेळी काळं पाणी दिसलं तेव्हा पहिला फोन त्यांचाच आला. नाव सांगू नका म्हणाले. अशी नाव न सांगता फोन करणारी माणसं गावोगाव आहेत. सही करणारे थोडे असतात, सांगणारे पुष्कळ. चळवळीची मोजदाद सह्यांवरून करणाऱ्यांना ही माणसं दिसत नाहीत.

निपाणीच्या मातीला आंदोलन नवं नाही. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता, गोळीबारात माणसं गेली. ती पिढी अजून पारावर भेटते. रस्ता अडवला की सरकार येतं, हे त्यांचं शिकलेलं गणित, आणि भावाच्या लढ्यात ते बरोबर होतं. नदीच्या कामात रस्ता अडवून एक दिवस बातमी येते. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत उत्तर मागणारा साधा कागद टाकला की मागच्या नमुन्यांचे अहवाल हातात पडतात, आणि त्या अहवालांत नमुना घेतल्याची तारीख असते. आमच्या वहीतली काळ्या पाण्याची तारीख आणि अहवालातली तारीख शेजारी ठेवून बघितली. मंडळाची माणसं आली होती, बाटल्या भरल्या होत्या, पाणी "समाधानकारक" होतं, कारण ती आली तेव्हा घाण पुढं निघून गेली होती. हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले की समोरचा अधिकारी आवाज चढवत नाही. खुर्ची देतो. 1974 च्या त्या जलप्रदूषण कायद्यात असंही आहे की 60 दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि अशा तक्रारदारानं मागितले तर मंडळानं आपल्याकडचे अहवाल त्याला द्यायचे असतात. हे कलम 49. पारावर बसणाऱ्या अण्णांनी ते आता पाठ केलंय.

2018 साली राष्ट्रीय हरित लवादानं देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची स्वतःहून दखल घेतली. त्यात एकट्या महाराष्ट्रातले 53 पट्टे होते, कर्नाटकातले 17. आपल्या बेळगाव जिल्ह्यातली मलप्रभाही त्या यादीत, खानापूरपासून खाली. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी उगम पावणारी नदी खानापूर ओलांडते न ओलांडते तोच यादीत जाते, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तिच्या त्या वरच्या पट्ट्यात उसाच्या मळीपेक्षा गावा-शहरांच्या गटारीच जास्त नजरेत भरतात. आपल्या गटारी.

तो विषय मला टाळायचा नाही. आमच्या गावची गटार सरळ नदीला जाते. कारखान्याविरुद्ध अर्ज लिहिताना ती आमच्या पाठीमागंच वाहत असते, आणि हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते गावच्या तरुण पोरांनी. औषध फवारल्यावर पंप धुवायचा नदीतच, रिकामे डबे काठावर, गणपतीनंतर पाण्यात प्लास्टरचे ढीग. ग्रामसभेत मी उठून बोलले तेव्हा मागून आवाज आला, "आधी मोठ्यांना धरा की!" धरूच. पण गटारीच्या तोंडाशी शोषखड्डे आणि कर्दळीचा पट्टा करायला कुठल्या मंडळाची परवानगी लागत नाही, आणि ते झालं की "तुमच्याच गटारीचं आहे" म्हणणाऱ्याची वाट बंद होते. ठराव झाला. जागेवरून दोन भावकींत वाद आहे, तो मिटायचा आहे. मिटेल, कारण दोन्ही घरांतल्या बायका आमच्या बचत गटात आहेत.

यंदा आम्ही एक नवी मागणी केली आहे. बरगे काढायच्या आधी पाटबंधारे खात्यानं काठच्या ग्रामपंचायतींना कळवावं आणि बरगे निघतानाच, आमच्यासमोर, बंधाऱ्याच्या वर आणि खाली नमुने घेतले जावेत. दोन्ही राज्यांच्या मंडळांना एकच पत्र गेलं आहे, नदीच्या दोन्ही काठांच्या गावांच्या शिक्क्यांसह, मराठीत आणि कन्नडात. बरगे सगळे एकदम न काढता टप्प्याटप्प्यानं काढावेत, म्हणजे वरच्या स्वच्छ पाण्यात तळाचं पाणी मिसळायला वाव मिळेल, हेही त्यात लिहिलंय. हे आमच्या कोळी मामांचं सांगणं आहे, इंजिनिअरचं नव्हे, आणि ते करून बघायला काही खर्च येत नाही.

तुमच्यापैकी जे मांजरी, अंकली, कुडची, उगारच्या बाजूला कृष्णेकाठी राहतात, त्यांच्याकडं आमचं पाणी पुढं येतं. पंचगंगेचंही तुमच्याकडंच येतं. तुमच्या घाटावर पाण्याचा रंग बदलला तर तारीख आणि वेळ लिहा, फोटोत पूल किंवा देऊळ असं ओळखीचं काही येऊ द्या, बंधाऱ्याचे बरगे घातलेले आहेत की काढलेले ते नोंदवा, कोणकोणते मासे वर आलेत ते बघा. मग मंडळाला कळवा, पण त्याच्या आधी वरच्या गावाला फोन करा. त्यांच्याकडं ते केव्हा गेलं हे त्यांनाच माहीत असतं.